इंग्रजीचं लिहिणं वर्गात, दुरुस्ती घरी

प्रति,
संपादक,

महोदय,

शाळा सुरू होऊन महिना होत आला. मराठी माध्यमाच्या आठवी-नववीतल्या मुलाची इंग्रजीची वही उघडून पाहिली, तर धड्याखालची प्रश्नोत्तरं सुवाच्य अक्षरात उतरवलेली दिसतात. खाली लाल शाईत बरोबरची खूण, तारीख, सही. पण उत्तर नीट वाचलं की मधली एखादी ओळ गायब असते. गाइडमध्ये एकच शब्द लागोपाठच्या दोन ओळींत आला, की उतरवणाऱ्याची नजर वरच्या ओळीवरून थेट खालच्या ओळीवर घसरते. मग एका वाक्याची सुरुवात दुसऱ्याच वाक्याच्या शेवटाला जोडली जाते. मुलाला ते कळत नाही, कारण ते वाचत नसतं, अक्षरं काढत असतं. शिक्षकांनाही दिसत नाही, कारण समोर साठ वह्यांचा गठ्ठा असतो.

आपल्या राज्यात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. दहावीपर्यंत मूल दहा वर्षं ही भाषा शिकतं. तरी स्वतःची चार वाक्यं लिही म्हटलं की हात थांबतो. याचं मोठं कारण गृहपाठात आहे, असं माझं ठाम मत आहे. मुलांनी नवं लिहायचं ते वर्गात, शिक्षकांसमोर, आणि घरी न्यायची ती फक्त त्याची दुरुस्ती. आज नेमकं उलट चालतं. त्यातच आता मोबाइलवर मराठी वाक्य टाकलं की इंग्रजी वाक्य तयार मिळतं. वही निर्दोष दिसते आणि मुलाला काय येत नाही, हे शिक्षकांना समजायची वाटच बंद होते.

पस्तीस मिनिटांच्या तासात शेवटची दहा मिनिटं यासाठी पुरतात. शिकवून झालेल्या परिच्छेदातल्या सहा-सात ओळी शिक्षकांनी दोनदा मोठ्यानं वाचायच्या. पहिल्या वेळी पेन खाली. दुसऱ्या वेळी मुलांनी कानावर पडलेले महत्त्वाचे शब्द तेवढे टिपायचे. मग पुस्तक मिटून, टिपलेल्या शब्दांवरून पाच वाक्यं स्वतः लिहायची, एक ओळ सोडून एक. यात दोन ठिकाणी घोळ होतो. मुलं मागे पडतात म्हणून शिक्षक एकेक शब्द तोडून वाचू लागतात. मग मुलं ऐकलेलं जसंच्या तसं उतरवतात आणि त्याचं श्रुतलेखन होऊन जातं. वाचन नेहमीच्याच वेगात हवं. दुसरं म्हणजे दहा-बारा ओळी घेतल्या, तर मुलांच्या लक्षात फक्त सुरुवात राहते आणि पाचही वाक्यं पहिल्या दोन ओळींवरच येतात.

आता तपासणी. एका वहीला दोन मिनिटं धरली तरी साठ वह्यांना दोन तास लागतात, आणि एका शिक्षकाकडे अशा दोन-तीन तुकड्या असतात. हे रोज होणं शक्य नाही, म्हणून बरोबरच्या खुणेवर भागतं. त्यापेक्षा वर्गाचे पाच गट करावेत आणि रोज एका गटाच्या बाराच वह्या घ्याव्यात. चोवीस मिनिटं एका मोकळ्या तासात बसतात. बाकीच्यांनी बाकावरच्या जोडीदाराशी वही बदलायची. आणि आठवडाभर एकच चूक धरायची. या आठवड्यात ‘ही’ आणि ‘शी’नंतरच्या क्रियापदाचा ‘एस’, पुढच्या आठवड्यात भूतकाळाचा प्रश्न. चुकीखाली फक्त रेघ ओढायची, बरोबर रूप लिहून द्यायचं नाही. घरी मुलानं ते पूर्ण वाक्य सोडलेल्या ओळीत दुसऱ्या रंगाच्या शाईनं पुन्हा लिहायचं. शिक्षकांनीच बरोबर रूप लिहून दिलं, तर मूल ते एकदा पाहतं आणि पान उलटतं. सगळ्याच चुका लाल केल्या, तर मूल पुढच्या वेळी पाचाऐवजी दोनच वाक्यं लिहितं, तीही अगदी छोटी.

एकच चूक धरण्याचा खरा फायदा असा, की ती कुठून येते हे मुलांना समजावून सांगायला वेळ मिळतो. बहुतेक चुका मराठीतून येतात आणि त्या मराठीतूनच उलगडतात. ‘डिड यू वेन्ट’ घ्या. ‘तू गेलास का?’ यात भूतकाळ ‘गेलास’मध्ये आहे, ‘का’ नुसता जोडलेला. इंग्रजीत भूतकाळ ‘डिड’ उचलतो आणि क्रियापद मूळ रूपात, ‘गो’वर, परत येतं. मूल दोन्हीकडे भूतकाळ लावतं. ‘ही गो’चंही तसंच. आपण जातो, जातोस, जातात असं प्रत्येक वेळी बदलतो. इंग्रजीत बदल एकाच ठिकाणी असल्यामुळे तो हातून निसटतो.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो आपल्या ‘ला’ या प्रत्ययाला. ‘मुंबईला जातो’ म्हटलं तर ‘टू’ येतं. ‘मुंबईला राहतो’ म्हटलं तर ‘इन’. ‘सहाला उठतो’ यात ‘ॲट’. ‘आईला सांगितलं’ यात काहीच नाही, म्हणून तर ‘टोल्ड टू मदर’ ही चूक साठातल्या कित्येक वह्यांत सापडते. आणि ‘मला भूक लागली’ यातला ‘मला’ इंग्रजीत थेट ‘आय’ होऊन बसतो. ही पाच मराठी वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहून ‘ला’ला गोल करा आणि समोर इंग्रजी लिहा. शब्दयोगी अव्ययांची यादी पाठ करून जे समजत नाही, ते त्या एका तासात समजतं. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलू नये, हा आग्रह निदान इथे तरी सोडावा.

शब्दांकडे येऊ. ‘प्रत्येक शब्द दहा वेळा लिहा’ असं सांगितलं की मुलं आधी पहिलं अक्षर दहा वेळा खालोखाल काढतात, मग दुसरं, मग तिसरं. शब्द असा कधी लिहिलाच जात नाही. त्याऐवजी पाहा, झाका, लिहा, ताडून पाहा, तीनदा पुरे. मग शब्द चिठ्ठीवर घ्यायचा. जुन्या लग्नपत्रिकांचे पत्त्याएवढे तुकडे उत्तम. एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, आणि शब्द नेहमी सोबत्यासकट: नुसतं ‘डिपेंड’ नव्हे, ‘डिपेंड ऑन’. बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करायचे. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्यानं, चौथा पंधरवड्यानं, पाचवा महिन्यानं. उत्तर बरोबर आलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. ही कप्प्यांची पद्धत जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली मांडली. तिच्या मुळाशी असलेलं विसरण्याचं गणित, म्हणजे शिकलेलं किती वेळात किती विसरतं ते, जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवलं होतं. शाळेच्या दिवशी सहा नवे शब्द धरले तर आठवड्याचे तीस आणि तीस आठवड्यांत नऊशे होतात. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक मायकल वेस्ट यांनी १९५३ साली काढलेली नेहमीच्या वापराच्या इंग्रजी शब्दांची यादी दोनेक हजारांची आहे, यावरून हे किती मोठं काम आहे ते कळावं. मात्र शब्द निवडताना धड्यातला दुर्मीळ पक्षी किंवा फूल नको; ‘ऑलदो’, ‘इन्स्टेड’, ‘अनटिल’ असे वाक्य जोडणारे शब्द आधी घ्यावेत.

इंग्रजी शब्दावर पेन्सिलनं देवनागरी उच्चार लिहायची सवयही मोडायला हवी. डोळे मग वरचीच ओळ वाचतात. अडलेल्या शब्दापुरता उच्चार समासात लिहावा आणि तीन दिवसांनी खोडावा. शिवाय देवनागरीत ‘वेस्ट’ एकच. इंग्रजीत त्याचे दोन वेगळे शब्द आहेत: बनियनचा ‘व्ही’नं सुरू होणारा आणि पश्चिमेचा ‘डब्ल्यू’नं. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्यात दात न टेकता ओठ गोल होतात. लहान आरशात पाहून मुलांना हे पाच मिनिटांत जमतं.

हा सगळा गृहपाठ वीस मिनिटांचा आहे. दहा बाय दहाच्या खोलीत, टीव्ही चालू असताना आणि आई आठच्या लोकलनं घरी येत असताना तेवढाच होतो. इंग्रजी न येणाऱ्या पालकांनाही यात मदत करता येते: चिठ्ठीची मराठी बाजू वाचून दाखवायची आणि मुलानं कागदावर लिहिलेलं मागच्या बाजूशी अक्षराला अक्षर लावून पाहायचं.

मुख्याध्यापकांना आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांना एक विनंती आहे. वह्या पाहताना किती पानं भरली हे मोजू नये. दुसऱ्या रंगाच्या शाईतली वाक्यं शोधावीत, आणि ती नसतील तर शिक्षकांना विचारावं. ‘प्रश्नोत्तरं अपूर्ण’ हा शेरा या वर्षीपासून बंद करावा. त्या शेऱ्याच्या भीतीनंच शिक्षक मुलांना गाइड उतरवायला लावतात.

— इंग्रजीचे एक शिक्षक, परळ, मुंबई