अभियांत्रिकीच्या वर्गात पानशेत शिकवा

महोदय,

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले आणि पाठोपाठ खडकवासल्याची भिंतही गेली. ज्या खडकवासल्यावर विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे प्रथम बसले, तेच हे धरण. पाणी सोडण्याच्या मोरीचे काम अपुरे असताना पहिल्याच पावसाळ्यात जलाशय भरू देण्यात आला, ही हकीकत पुण्यातील तरी किती अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकवली जाते? मोरीवरचा भराव का खचतो, हा मृदायांत्रिकीचा, म्हणजे माती भार कसा पेलते याच्या शास्त्राचा प्रश्न. ‘काम पुरे झालेले नाही, पाणी अडवू नका’ असे वरिष्ठांना लेखी कळवायचे कोणी, हा नीतीचा. प्रत्यक्षात हे दोन्ही प्रश्न एकाच अभियंत्यापुढे एकाच रात्री उभे राहतात, आपण मात्र ते वेगवेगळ्या पुस्तकांत कोंबतो, आणि त्यातील नीतीचे पुस्तक परीक्षेच्या आदल्या दिवशी उघडले जाते.

पर्यावरणाचीही तीच गत. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटनिर्मितीचा वाटा सुमारे ८ टक्के असूनही तुळईच्या संकल्पनाचे (डिझाइनचे) गणित तपासताना सिमेंट किती वाचले असते, असे सहसा कोणी विचारत नाही.

म्हणून नवा विषय वाढवू नये (विषय आधीच पुष्कळ आहेत), तर विद्यापीठांनी अंतिम वर्षाच्या प्रत्येक प्रकल्पात अशा एका दुर्घटनेचे तांत्रिक विश्लेषण, निर्णय कोणी व का घेतला याची छाननी आणि वापरलेल्या साहित्याचा पर्यावरणीय हिशेब अनिवार्य करून त्यांना तोंडी परीक्षेत गुण ठेवावेत.

– एक निवृत्त स्थापत्य अभियंता, पुणे