भोपळा पाच हजारांना गेला, पुढे काय?

मा. संपादक,
स. न.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर आमच्या गावच्या कापणीच्या सणाची बातमी वाचली. भोपळा पाच हजारांना गेला, गावरान कोंबडा त्याहून वर, आणि वार्ताहराने कौतुकाने तो आकडा मथळ्यातच घेतला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नगरकडच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये हंगाम घरात आला की घराघरातून काहीतरी देवळात येतं (हो, आमच्याकडे जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात). बाजरी, उसाची मोळी, अंडी, लोणच्याची बरणी. ज्याला शेत नाही तो केळ्यांची फणी आणतो. उपासना झाली की अंगणात लिलाव होतो. बोली लावणाऱ्याला भोपळा नकोच असतो. कित्येकदा पैसे मोजून तो भोपळा पुन्हा लिलावातच ठेवतो. मला हे सगळं आवडतं, आणि बोली चढवण्यात मीही मागे नसते.

माझी तक्रार आहे ती लिलावाआधी बाहेरून आलेल्या वक्त्यांनी दिलेल्या संदेशाबद्दल, म्हणजे प्रवचनाबद्दल. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की देवाला एक द्या, तो दहा परत करील. ज्याने हात आखडला त्याने आपलं पीक बघावं. ज्यांचा कांदा पावसाने शेतातच सडला ती माणसंही समोर बसली होती. त्यांनी काय समजायचं? असले संदेश आता मोबाइलवर रोज येतात, त्यामुळे कुणी चमकलंदेखील नाही. तरुण मुलांनी तर टाळ्या वाजवल्या.

मी शिकलेली धर्मशास्त्री नाही. सरकारी दवाखान्यात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. पण लहानपणापासून शब्बाथ शाळेत (रविवारच्या बायबलच्या वर्गात) एवढं नक्की शिकले की देवाची कृपा आधी येते. आपली लायकी बघून ती येत नाही, आणि आपण जे काही करतो ते तिला दिलेलं उत्तर असतं. देवाला दिलेला पैसा ही मुदत ठेव झाली, तर मग कृपा कुठे उरली? तो व्यवहार झाला. बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकातलं दशमांशाचं (उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देण्याचं) वचन हे वक्ते हमखास काढतात. पण त्याच जुन्या करारात ‘अनुवाद’ या पुस्तकाचा 26वा अध्याय आहे, आणि तो तर थेट कापणीचाच आहे. पहिल्या पिकाची टोपली घेऊन माणसाने याजकापुढे जायचं आणि आधी आठवण सांगायची: आमचा पूर्वज भटका होता, आम्ही मिसर (इजिप्त) देशात दास होतो, देवाने आम्हाला बाहेर काढलं, ही जमीन दिली. एवढं बोलून झाल्यावर टोपली ठेवायची. मग लेवी (देवाच्या सेवेला वाहिलेल्या, स्वतःची जमीन नसलेल्या वंशाचा माणूस) आणि गावात राहणारा परका माणूस, या दोघांनाही सोबत घेऊन आनंद करायचा. तिसऱ्या वर्षीचा दशमांश तर लेवी, परके, अनाथ आणि विधवा यांच्यासाठीच राखलेला. टोपलीच्या बदल्यात पुढच्या हंगामाला काय हवं याची यादी द्यायला तिथे कुणी सांगितलेलं नाही.

या बाबतीत आपल्याला फार लांब जायला नको. पुणे जिल्ह्यात दौंडजवळ केडगाव आहे, तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्तीसदन आहे. पंडिता रमाबाईंनी आपल्या साक्षीत लिहिलं आहे की इंग्लंडमध्ये असताना त्यांना लंडनमधल्या फुलम इथे नेण्यात आलं. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांची तिथे ख्रिस्ती भगिनी सेवा करत होत्या. असं काही त्यांनी आपल्याकडे पाहिलेलं नव्हतं. या बायकांची तुम्ही काळजी का घेता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका भगिनीने त्यांना येशू आणि शोमरोनी (यहुद्यांनी परक्या मानलेल्या लोकांतल्या) बाईची गोष्ट वाचून दाखवली. 1883 मध्ये रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. तरीही पुढे त्यांनीच प्रांजळपणे लिहिलं, की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. आपण पापी आहोत आणि तरी फुकट स्वीकारले गेलो आहोत, हे त्यांच्या मनात उतरायला आणखी काही वर्षं गेली. त्यानंतरची त्यांची धाव बघा. 1896-97 च्या दुष्काळात, स्वतः आई-वडील दुष्काळातच गमावलेली ही बाई मध्य प्रांतात गेली आणि उपाशी, वाऱ्यावर पडलेल्या मुली-बायकांना घेऊन आली. 1900 पर्यंत मुक्तीसदनात दीड हजारांच्या घरात माणसं होती. शेती, विणकाम, छापखाना, आंधळ्या मुलींसाठी ब्रेल, सगळं तिथे चाललं. आणि फुलमला जे पाहिलं होतं त्यासाठी वेगळं घर उभं राहिलं, कृपासदन. त्या घरातल्या बायकांकडून परतफेड म्हणून काय मिळणार होतं?

इथे काही वाचक म्हणतील, सेवा कसली, धर्मांतराचं आमिष. हा प्रश्न जुना आहे आणि त्याचा मला राग येत नाही. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून 1893 मध्ये रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदासदन या शाळेच्या सल्लागार मंडळातून न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसं बाहेर पडली. रमाबाईंची बाजू मला पटते, पण विचारणाऱ्यांना वेडं ठरवणंही बरोबर नाही. ‘तुम्हाला फुकट मिळाले, फुकट द्या’ असं येशूने शिष्यांना सांगितलं. त्यातलं फुकट दोन्हीकडे लागू करायला हवं. देवाकडून दसपट मागायची नाही, तसं रुग्णाकडून त्याचा धर्मही मागायचा नाही. संदेश देणारे ते वक्ते आणि सेवेच्या आडून गळ टाकणारा माणूस, दोघांची जातकुळी मला एकच वाटते.

आता माझ्या कामाचं बोलते, कारण त्यातलं मला कळतं. आमच्या गावात अंथरुणाला खिळलेली माणसं प्रत्येक आळीत आहेत. कुणाला पक्षाघात, कुणाचं खुब्याचं हाड मोडलेलं. मुलं पुण्याला, घरात एकटी सून. अशा माणसाची दर दोन तासांनी कूस पालटावी लागते. माकडहाड, खुबे, टाचा रोज बघाव्या लागतात. कातडी लाल झाली आणि बोटाने दाबूनही लाली जात नसेल, तर जखमेची ती सुरुवात असते. तिथे चोळायचं नाही, त्या जागेवरचा भार काढायचा. अंगाखालच्या चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही. हे शिकायला पदवी लागत नाही. आमच्या महिला मंडळातल्या काही जणी माझ्याबरोबर येतात. एक घर आमच्याच मंडळीतलं, एक मराठ्यांचं, एक मुसलमानांचं. आम्ही जातो तेव्हा त्या सुनेला तासभर झोपायला सांगतो. तिला औषधापेक्षा त्याचीच गरज असते. प्रार्थना कुणी करा म्हटलं तरच करतो. मुसलमान आजी स्वतःच म्हणते, बेटी, तुझ्या येशूला सांग माझी कंबर दुखते. मग तिचा हात धरून आम्ही सांगतो.

भक्ती आणि सेवा यांत कोण मोठं, यावर आमच्या कमिटीत चहाबरोबर तास-तास वाद होतात. मला तो वाद रिकामा वाटतो. सकाळी स्तोत्र वाचल्याशिवाय मी घाण धुवायला बसूच शकत नाही. ते न वाचता गेले तर तिसऱ्या दिवशी माझी चिडचिड सुरू होते आणि ती रुग्णाला आधी कळते.

पाळकसाहेबांना आणि कमिटीला मी तोंडी सांगितलं आहे, आपल्या पत्रातून पुन्हा सांगते. यंदाच्या लिलावाचे पैसे मंडपावर आणि स्पीकरवर घालवू नका. डोक्याकडून वर होणारी एक खाट, दोन हवेच्या गाद्या, एक चाकाची खुर्ची, एक कमोडची खुर्ची एवढं घ्या. वस्तू देवळाच्या मागच्या खोलीत ठेवा. गावात ज्याला लागेल त्याने न्यावी, काम झालं की धुऊन परत आणावी. कोणती वस्तू कुठल्या घरी गेली आहे याची वही मी सांभाळीन. त्या वहीत नाव, आळी आणि तारीख असे तीन रकाने पुरेत.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका, जि. अहिल्यानगर