दुपारी झोपणाऱ्या आजींना

ती. आजींस,
सा. न. वि. वि.

तुम्ही आमच्या मुली सांभाळल्यात असं आम्ही दोघं सगळ्यांना सांगतो आणि तुम्ही दर वेळी हात झटकता. "मी काय केलं? मी तर झोपली होती," म्हणता. आजी, त्या झोपेचेच आभार मानायला हे पत्र लिहितेय. उघडं लिहितेय, कारण तुमच्या सूनबाई तुम्हाला ते मोबाइलवर वाचून दाखवतील आणि आपल्या लेआउटमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या, बाकीच्या आईबापांनाही वाचता येईल. तुमच्या ओसरीवर त्यांचीही पोरं होतीच की.

माझ्या बदलीमुळे आम्ही नागपूरला आलो तोवर 'आज मुलांना बाहेर पाठवू नका' हे वाक्य आम्ही फक्त पावसाबद्दल ऐकलं होतं. आमच्या कोकणात हवा बिघडली म्हणजे पाऊस. पण त्यातही पोरं पडवीत जातात, पागोळीखाली हात धरतात, भिजली तर ओरडा खातात आणि टॉवेलने डोकं पुसून परत तिथेच जातात. उन्हाशी असा खेळ चालत नाही. सकाळी साडेदहा-अकराला रस्ता ओस पडायचा तो संध्याकाळी सहापर्यंत. हवामान खात्याच्या हिशेबात मैदानी भागात पारा ४५ अंशांवर गेला की उष्णतेची लाट आणि ४७ वर गेला की तीव्र लाट. नागपूरने २३ मे २०१३ ला ४७.९ अंश पाहिलेत. तो दिवस तुम्ही "त्या वर्षी पाखरं झाडाखाली पडून राहिली होती" एवढ्यावर आटपायचात. त्यात विदर्भातल्या शाळा उघडतात उशिरा. पुण्या-मुंबईकडची भाचरं जूनच्या मध्यावर दप्तरं भरायची, तेव्हा आमच्या दोघी अजून पडदे ओढलेल्या घरात. रंगखडू, घोटीव कागद, चिकटपट्टी असा साठा मी एप्रिलमध्येच केला होता. मे उजाडायच्या आत तो संपला.

मग त्या तुमच्याकडे यायला लागल्या. कवेलूचं (म्हणजे कौलांचं) छप्पर, हातभर जाडीच्या भिंती, खिडकीत घरघरणारा कूलर, आणि लाइन गेली की दारावर टांगलेली वाळ्याची ताटी, तिच्यावर पोरांनीच आळीपाळीने मारायचं पाणी. जेवणं झाली की तुम्ही चटईवर आडव्या व्हायच्या आणि जाहीर करायच्या, "पोट्टेहो, भांडायचं तर हळू भांडा. मले उठवलं तर खेळ बंद." बस. कुणाला गोष्ट नाही, कुणाचं कौतुक नाही, कुणाचा निवाडा नाही. मधे एक पत्र्याचा डबा असायचा. त्यात चिंचोके, गजगे, काचापाणीसाठी फुटक्या बांगड्यांचे तुकडे आणि खडू.

लहान मुलांना कुणीतरी सतत रमवत राहिलं पाहिजे असं आता सगळीकडे धरून चालतात. सुट्टीचं शिबिर, घरातलं शिबिर, आईने आखलेलं दुपारचं वेळापत्रक. मला ते पटेनासं झालं ते तुमच्या ओसरीवर. तुम्ही झोपलेल्या असल्यामुळे फुकटची तक्रार न्यायला कुणी नव्हतं, म्हणून नियम त्यांचे त्यांनाच ठरवावे लागले.

चल्लस-आठचा खेळच घ्या. फरशीवर खडूने पाच बाय पाचचा पट आखायचा, फुल्यांच्या घरात सोंगटी मारायची नाही. चिंचोके तुम्ही पहिल्या दिवशी दगडावर घासून दुभंगून दिलेत, एक बाजू पांढरी, एक काळी. चार फाका टाकायच्या. जितक्या पांढऱ्या तितकं दान, चारही पांढऱ्या तर चार, चारही काळ्या तर आठ, आणि चार किंवा आठ पडले की पुन्हा टाकायचं. धाकटीला आठ हवे असायचे आणि पडायचे दोन. "आजीचे चिंचोके खोटे आहेत" म्हणून ती रडली. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "मांडून पाह्य मग." थोरलीने प्रत्येक दानागणिक भिंतीवर खडूने रेघा मारायला सुरुवात केली आणि सुट्टी संपेपर्यंत ती भिंत रेघांनी भरली. दोनचा ढीग सगळ्यात मोठा. चार फाका पडण्याच्या सोळा तऱ्हा आहेत. त्यातल्या सहांत दोन पडतात, चारांत एक, चारांत तीन, आणि चार किंवा आठ पडायची एकेकच तऱ्हा. हे मी तिला नंतर कागदावर दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "पण आपल्या फाका जरा जास्त काळ्या पडतात." खरंच होतं ते. हाताने घासलेली फाक नाण्यासारखी समान कशी असेल! संभाव्यता मी कॉलेजात शिकले, पण दोनच्या नशिबावर चिडून रडले नव्हते.

सगळ्यात जास्त उपकार मात्र तुमच्या त्या रस्त्याकडच्या खिडकीचे. तिच्या लाकडी झडपेतली गाठ निघून भोक पडलं होतं. भर दुपारी, खोली पुरती काळोखी असताना, समोरच्या चुन्याच्या भिंतीवर काहीतरी हलतंय असं आधी कुणाच्या लक्षात आलं यावर अजून वाद आहे. रस्ता होता तो! उलटा. आभाळ खाली, डांबर वर, आणि बर्फगोळेवाल्याची गाडी चाकं वर करून डावीकडून उजवीकडे, म्हणजे खरं तर उजवीकडून डावीकडे. पोरं ओरडली, तुम्ही उठलात. खेळ बंद होणार असं सगळ्यांना वाटलं, तर तुम्हीच पदर सावरत भिंतीपुढे बसलात. इतक्या वर्षांच्या घरात हे तुम्हीही कधी पाहिलं नव्हतं, कारण त्या वेळी तुमचे डोळे मिटलेले असायचे.

मग पुढचे कितीतरी दिवस तेच. उजेड सरळ रेषेत येतो, म्हणून वरचा किरण भोकातून खाली उतरतो आणि खालचा वर चढतो, हे शेजारच्या नववीतल्या दादाने पुस्तकातून वाचून दाखवलं. पोरांना त्यापेक्षा भोकाचा धंदा महत्त्वाचा. पुठ्ठ्याला खिळ्याने बारीक भोक पाडून ते झडपेवर लावलं तर चित्र नेमकं पण अंधुक. भोक मोठं केलं तर उजळ पण धूसर. पांढरा कागद हातात धरून भोकाजवळ आणला तर रस्ता एवढासा, लांब नेला तर मोठा. दोन भोकं पाडली तर दोन गोळेवाले. बाहेर जाता येत नाही म्हणून बाहेरचा रस्ताच आत आणून पाहिला त्यांनी, आणि तो त्या जाळणाऱ्या उन्हामुळेच भिंतीवर इतका ठसठशीत उमटत होता.

२६ मेच्या सुमारास सूर्य नागपूरच्या अगदी डोक्यावर येतो. त्या दिवशी तुम्ही पोरांना अंगणाच्या पायरीपर्यंत जायची मुभा दिलीत. बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास पाण्याच्या बाटलीची सावली बुडाखाली गडप झालेली बघायची आणि आत पळायचं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस, चालू होता. प्रत्येकाच्या खिशात तुम्ही कांदा कोंबला होता. कांद्यावर माझा विश्वास नाही, पन्ह्यावर आहे. पण मुलींच्या फ्रॉकांना जूनभर कांद्याचा वास येत होता, याचीही नोंद इथे असू द्या.

कूलरचं कोडंही तिथलंच. घर गार करायला घरात पाणी उडवायचं, हे आमच्या कोकणी डोक्यात बसत नव्हतं. थोरलीने भिंतीवर लावायचे दोन साधे तापमापक आणले, एकाच्या बुडाला ओली चिंधी गुंडाळली आणि दोन्ही पंख्यापुढे टांगले. तुमच्या खोलीत दोघांत पंधराएक अंशांचा फरक. हवा इतकी कोरडी की पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. तुमच्या माठाचंही तेच.

बाकी काय काय होतं! सरगुंडे, म्हणजे पिठाच्या नळ्या, काडीवर गुंडाळायला बसवलंत, त्यातले निम्मे वाकडे झाले आणि तरी आंब्याच्या रसात बुडवून संपले. मुगवड्या घालायला मात्र पहाटे, ऊन तापायच्या आत.

आता आम्ही परत चिपळूणला आलोय. जुलै आहे, रेड अलर्ट आहे, शाळा बंद आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर इथे पाऊस लागून राहिला की मोठी माणसं वाशिष्ठी नदीच्या पाण्याचे आकडे विचारत बसतात आणि पोरांकडे कुणाचं लक्ष नसतं. आमच्या जिन्यात सध्या खालच्या-वरच्या घरांतली सगळी पोरं जमतात. फरशीवर पट आखलाय. चिंचोके दमट हवेत बुरसतात म्हणून त्यांनी कवड्या घेतल्यात. भिंतीवर रस्ता काही उमटत नाही, कारण आभाळात उजेडच नाही. झडपेला भोक पाडून पाहिलं, घरमालक बोलले. तापमापक मात्र टांगलेत. ओल्या आणि कोरड्यात अंशभराचाही फरक नाही, आणि "म्हणूनच आपल्याकडे कूलर नाही" हे धाकटी जिन्यातल्या पोरांना अशा थाटात सांगते की जणू तिनेच तो शोध लावला.

दुपारी जेवणं झाली की मी दार उघडं ठेवून आडवी होते. झोप लागत नाही. पण डोळे मिटून घेते, तुमच्यासारखे, आणि कुणी तक्रार घेऊन आलं तर हलत नाही. घामाघूम भांडण होतं, मग कुजबुज, मग पुन्हा कवड्यांचा आवाज. हे जमायला मला तुमची ओसरी बघावी लागली. त्याबद्दल मनापासून आभार.

सूनबाईंना आणि नववीतल्या (आता कॉलेजातल्या) दादाला नमस्कार. तब्येतीला जपा.

तुमची,
समोरच्या घरातल्या दोघींची आई

ता. क. गावांच्या भेंड्यांचं राहिलंच. नागपूर, रामटेक, काटोल, लाखनी, नरखेड इथवर सगळं सुरळीत जायचं आणि 'ड'वर गाडी अडायची. कुणीतरी डोंगरगड म्हणायचं की पुन्हा 'ड'च. थोरलीने सांगायला सांगितलंय की तिला डहाणू सापडलंय, आणि तो डाव संपलेला नाही असं तिने धरलंय. पुढचं गाव तुमचं.