तिकीट मे अखेरचंच काढू या

आई, बाबा, सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "वाळवंटात राहतेस ना, मग त्या ॲपवर मे महिन्यात बर्फ कसला दाखवतंय?" आणि तेवढ्यात फोन कट झाला, म्हणून सगळं एकदाच लिहून काढते, म्हणजे तिकिटाचं पण ठरेल.

बाबा, मी राहते ती हार्नी काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी, अमेरिकेतल्या ओरेगन राज्याच्या आग्नेय भागात येते. एरियानं राज्यातली सगळ्यात मोठी काउंटी पण माणसं जेमतेम साडेसात हजार. आमचं बर्न्स गाव चार हजार शंभर फुटांच्या वर, म्हणजे उंची जवळजवळ महाबळेश्वरची आणि पाऊस आपल्या माण तालुक्यापेक्षाही कमी, वितळलेलं बर्फ धरून वर्षाला २८० मिलिमीटरच्या आसपास. कारण तुम्हाला सांगायची गरज नाही, आपल्याकडं ढग सगळं पाणी सह्याद्रीवर सांडतात आणि दहिवडीत नुसता वारा येतो तसंच, इथं पॅसिफिकवरून येणारे ढग कॅस्केड्सच्या डोंगररांगेवर मोकळे होतात. त्यात आमच्या दक्षिणेला स्टीन्स माउंटन आहे, ९७३३ फूट, त्याच्या पलीकडं आल्व्होर्ड डेझर्ट, तिथं तर इथल्यापेक्षाही कमी पडतो. पर्जन्यछायेत अजून एक पर्जन्यछाया.

पण पावसाचा सीझन बरोब्बर उलटा. जे काही पडायचं ते हिवाळ्यात नि वसंतात, जुलै-ऑगस्ट कोरडे ठाक, आलंच तर वादळ आणि विजा. त्यामुळं इथले शेतकरी आभाळाकडं कमी आणि डोंगरावर बर्फ किती साचलंय त्याकडं जास्त बघतात, तेच वितळून सिल्व्हीज नदीला येतं, कुरणं भिजतात आणि उरलेलं मालूर लेकमध्ये जातं. त्या तळ्याला समुद्राकडं वाटच नाही, आलेलं पाणी तिथंच आटतं, म्हणून तळं कधी एवढंसं होतं, तर १९८०च्या दशकात इतकं फुगलं की रस्ते आणि शेतं पाण्याखाली. आणि बाबा, बोअरचं रडगाणं इथंही आहे बरं का, लसूणघासाच्या मोठमोठ्या गोल शेतांना जमिनीतलं पाणी उपसून उपसून पातळी खाली गेलीय, नवीन परवाने सरकारनं बंद केलेत. तुम्ही आलात की शेजारच्या रँचवाल्याशी गाठ घालून देते, दोघांना एकमेकांचं इंग्लिश कळणार नाही पण विषय बरोबर कळेल.

आता आई, तुझ्यासाठी. जुलैमध्ये दुपारी तीस-बत्तीस डिग्री, आणि त्याच दिवशी पहाटे दहा. हवेत दमटपणा नाही, वर ढग नाही, त्यामुळं दिवसभराची ऊब सूर्य मावळला की सरळ वर निघून जाते. जूनमध्ये सुद्धा रात्री दव गोठतं, इथल्या बायका संध्याकाळी टोमॅटोच्या रोपांवर जुन्या चादरी टाकतात आणि सकाळी काढतात, मीही टाकते. तेव्हा फक्त सुती साड्या भरू नकोस, स्वेटर आणि कानटोपी हवीच. ओठ फुटतात, नाक कोरडं पडतं, दाराच्या कडीला हात लावला की चट्कन शॉक बसतो. डाळ उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाही, एवढ्या उंचीवर पाणी ९६ डिग्रीलाच उकळतं, कुकर आहे माझ्याकडं. दह्याला उबेला ओव्हनमधला दिवा लावून ठेवते. पण कुरडया! सकाळी घातल्या तर संध्याकाळी डब्यात भरशील, एवढं कोरडं ऊन आपल्याकडं एप्रिलात पण मिळत नाही.

तुला बर्फ बघायला डिसेंबरात यायचंय, ते मला अजिबात पटत नाही. उणे वीस होतं इथं कधीकधी, रस्ते निसरडे, आणि मोठ्या दवाखान्यासाठी बेंड शहर गाठायचं तर दोन तास. उत्तरेला शेजारच्याच काउंटीत सेनेका गाव आहे, तिथं फेब्रुवारी १९३३ मध्ये उणे ४७ च्याही खाली गेलेलं, ओरेगनचा रेकॉर्ड आहे तो. ऑगस्ट बाबांसाठी नको, वणव्यांचा धूर. २०२४च्या जुलैत बर्न्सजवळच्या जंगलात लागलेली आग दीड लाख एकर खाऊन गेली. अशा धुरात दम्याचा माणूस मी घराबाहेर काढणार नाही. सप्टेंबर चांगला असतो खरं तर, पण तेव्हा बाबा ज्वारीची पेरणी सोडून हलणार नाहीत हे मला ठाऊक आहे.

म्हणून मे अखेर ते जून अखेर. मैदानं हिरवी असतात, मालूरच्या अभयारण्यात पक्षी भरपूर, आणि पाऊस पडून गेला की सेजब्रश नावाच्या इथल्या रानझुडपांचा जो वास सुटतो तो बाबांनी एकदा घ्यावाच, आपल्या पहिल्या पावसासारखा नाही, ओव्याच्या पानासारखा उग्र आहे. डास मात्र असतात त्या दिवसांत, तळ्याकडं तर चावून चावून जीव घेतात. स्टीन्सच्या वरच्या टोकाला जाता येणार नाही, बर्फामुळं तो रस्ता जुलैशिवाय बहुतेक उघडत नाही, खालून बघायचा. आंबे चुकतील म्हणून कुरकुर करू नका, एप्रिलात पोटभर खाऊन घ्या.

या रविवारपर्यंत दादाला सांगा, म्हणजे मी तिकीट काढते. बाबांचा दम्याचा पंप जास्तीचा आणा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि चिठ्ठीवर औषधाचं नाव वाचता येईल असं लिहून घ्या.

तुमची,
ताई