ती. बाबा व सौ. आईस, कॅरीहून

कॅरी, नॉर्थ कॅरोलिना
२२ जून

ती. बाबा व सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे खुशाल आहोत. शेंगाची चटणी आणि कुर्डया पोचल्या, एकही कुर्डई मोडली नाही. इथलं रोजचं तुम्हाला पाठ आहे, ते पुन्हा लिहीत नाही. आईच्या गुडघ्याचं मात्र मला खरं कळवा. फोनवर ती नेहमी "बरं आहे" एवढंच म्हणते.

परवा नातवाच्या बेसबॉलच्या कोचविषयी बाबा फोनवर म्हणाले, "ज्याला मोठ्या संघात जमलं नाही, तो पोरांना काय शिकवणार?" तेव्हा मी गप्प बसले, कारण नातू शेजारीच होता. पण ते डोक्यातून जाईना, म्हणून नीट लिहिते.

बाबा, बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या पायरीला, मेजर लीगमध्ये, फक्त ३० संघ आहेत. त्यांच्या खाली मायनर लीगच्या चार पायऱ्या आणि १२० संघ. दरवर्षी कॉलेजांतून आणि शाळांतून निवड होते, आता तिच्या २० फेऱ्या असतात. म्हणजे सहाशेच्या आसपास पोरं निवडली जातात, आणि त्यांतली बहुतेक वरच्या पायरीला कधीच पोचत नाहीत. कोच त्यांतलेच. कॉलेजात पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, होते, मग एका संघाने घेतलं आणि काही वर्षं ते खालच्या दोन पायऱ्यांवर खेळले. त्या काळी पगार हंगामापुरताच मिळायचा. २०२३ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने मायनर लीगसाठी पहिला करार केला तेव्हा कुठे सिंगल-ए या पायरीवरचा वर्षाचा किमान पगार ११,००० डॉलरवरून २६,२०० वर गेला. कोच त्याच्या पुष्कळ आधीचे. थंडीत गोदामात माल उचलायचे आणि वसंतात पुन्हा मैदानावर यायचे. मग कोपर गेलं. आता दिवसभर विमा कंपनीत नोकरी करतात आणि संध्याकाळी आमच्या पोरांकडे येतात. त्याचे पैसे घेत नाहीत, त्यांची मुलगीही याच संघात आहे. मुलांच्या बेसबॉलची ही रीतच आहे. १९३९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट गावात कार्ल स्टॉट्झ नावाच्या माणसाने लिटल लीग सुरू केली, ती तीन संघांवर. तेव्हापासून हे सगळं मुख्यतः आईबापांच्या हौसेवर आणि मेहनतीवर चालतं.

आणि बाबा, तुम्ही जिल्ह्यापर्यंत कबड्डी खेळलात. राज्याच्या संघात तुमचं नाव आलं नाही. म्हणून तालमीच्या मागच्या पटांगणात तुमच्याकडे शिकलेली पोरं कमी शिकली का? तुमची आठवण कोणी काढली की अजून सांगतात, "सरांनी आधी पडायला शिकवलं." कोचही तेच करतात, एवढंच मला सांगायचं होतं. ज्याचं शरीर खेळात मोडलं, त्याला पोराचं काय जपायचं ते कळतं.

हाताला इजा होईल ही आईची काळजी खोटी नाही. क्रिकेटमध्ये गोलंदाजाला हात झटकून चालत नाही. इथे मात्र कोपर वाकवूनच फेकायचं असतं आणि सगळा ताण कोपराच्या आतल्या बाजूवर येतो. या वयात हाडांची टोकं अजून कोवळी, वाढती असतात. म्हणून लिटल लीगमध्ये प्रत्येक फेक मोजतात. ११-१२ वर्षांच्या मुलाला एका दिवसात ८५ फेकींच्या वर टाकता येत नाहीत, आणि ६६ किंवा जास्त झाल्या की चार दिवस सक्तीची विश्रांती. आमचे कोच त्याच्याही आधी थांबवतात. मागच्या महिन्यात तुमचा नातू छान टाकत होता, आम्ही एका धावेने पुढे होतो, आणि कोचनी त्याला बाहेर काढलं. आकडा अजून बराच खाली होता. पण त्याचा खांदा खाली यायला लागला होता, तो आम्हाला कोणाला दिसला नाही, त्यांना दिसला. सामना हरलो. दोन-तीन आईबाप भडकले, पोरगा टोपीत तोंड खुपसून रडला. कोच त्याच्याशेजारी बसले आणि बाही वर करून स्वतःच्या कोपरावरचा शस्त्रक्रियेचा लांब व्रण दाखवला. ती शस्त्रक्रिया पहिल्यांदा १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर केली होती. त्याच्या उजव्या हातातला स्नायुबंध काढून डाव्या कोपरात बसवला. तो १९७६ मध्ये परत आला आणि १९८९ पर्यंत खेळला. कोच म्हणाले, "सगळे टॉमी जॉन नसतात. तुझा हात तुला साठाव्या वर्षीही लागणार आहे." तेव्हापासून मी सामन्याच्या दिवशी निर्धास्त बसते. आईने पण बसावं.

आता एक गोष्ट लिहायलाच हवी, कारण व्हिडिओ बघून आईने विचारलं होतं की पोरं सारखी थुंकतात का. हो, थुंकतात. मला पहिल्या हंगामात किळस यायची. खेळाडू बसतात त्या जागेला डगआउट म्हणतात. तिथे प्रत्येकाकडे खारवलेल्या सूर्यफुलाच्या बियांची पिशवी असते. मूठभर बिया एका गालात भरायच्या, जिभेने एकेक दाताखाली आणायची, फोडायची, गर खायचा आणि टरफल समोर थुंकायचं. हात लावायचा नाही. सामना संपेपर्यंत खाली टरफलांचा थर होतो आणि तो झाडायची पाळी लावलेली असते. हे का, ते मी कोचना विचारलं. ते म्हणाले, पूर्वी तंबाखू असायची. मोठे खेळाडू खालच्या ओठाच्या आत तंबाखू धरायचे आणि पोरं त्यांचं बघून शिकायची. मायनर लीगमध्ये १९९३ पासून तिला बंदी आहे, आणि २०१६ च्या करारापासून मेजर लीगमध्ये नव्याने येणाऱ्यांनाही. रॉब नेल्सन या पिचरने तंबाखूऐवजी तशाच पुडीत बारीक कापलेलं बबलगम भरायची कल्पना काढली आणि १९८० मध्ये ते बाजारात आलं. तोही मेजर लीगमध्ये न पोचलेलाच.

टोनी ग्विन यांची गोष्ट कोच दर हंगामात पोरांना सांगतात. सॅन डिएगो पाद्रेस या एकाच संघाकडून वीस हंगाम खेळले, आठ वेळा फलंदाजीत लीगमध्ये पहिले आले. निवृत्त झाल्यावर आपल्याच कॉलेजात, सॅन डिएगो स्टेटला, मुलांचे प्रशिक्षक झाले. २०१४ मध्ये लाळग्रंथीच्या कर्करोगाने गेले, वय ५४. हे तंबाखूमुळेच, असं ते स्वतः म्हणायचे. बाबा, ती गोष्ट ऐकून तुमचा नातू घरी आला आणि त्याने विचारलं, "आजोबा पण तिथेच ठेवतात ना?" मी काय सांगणार? तुम्ही तळहातावर चुना लावून मळायला लागलात की तो शेजारी बसून बघायचा, त्याला सगळं आठवतं. रागावू नका. पण या महिन्यात दातांच्या डॉक्टरांकडून तोंड तपासून घ्या. धाकट्याला सांगितलंय, तो घेऊन जाईल.

हा आपल्या लोकांचा खेळ नाही, असं काका म्हणाल्याचं कळलं. २००८ मध्ये उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू एका स्पर्धेतून निवडून इथे आणले. त्यांना शिकवलं टॉम हाउस यांनी, तेही जुने मेजर लीगचे पिचर. त्याच वर्षी दोघांना पिट्सबर्ग पायरेट्सने करारावर घेतलं. आणि क्रिकेट तुमच्या नातवाने सोडलेलं नाही, शेजारच्या मॉरिसव्हिलला मैदान आहे, रविवारी तिथे जातो. गणितात ए आहे. मराठी शाळेला दांडी नाही, फक्त जोडाक्षरं चुकतात.

आता धाकट्याच्या लग्नाचं. मी आणि दोन्ही मुलं मार्गशीर्षात नक्की येतोय, तिकिटं काढली. हे येणार नाहीत. व्हिसाच्या शिक्क्याला तारीख मिळत नाही, भारतात आले आणि अडकले तर नोकरीचं काय. मुलीकडच्यांना बाबांनीच समजावून सांगावं, माझ्याकडून ते सांगणं बरं दिसणार नाही. साखरपुड्याला मी आले नाही ते सामन्यांसाठी, असं मावशीला वाटतं. तसं नव्हतं. मुलांची शाळेची परीक्षा होती आणि तीन तिकिटांचे पैसे दोनदा काढणं जमलं नसतं. तरी त्या दिवशी धाकट्याने फोटो पाठवले, ते मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून पाहिले आणि मग बराच वेळ वर गेले नाही.

हॉलच्या ॲडव्हान्सचे पैसे शुक्रवारी पाठवलेत, दोन-तीन दिवसांत खात्यात येतील. गच्चीच्या कामाचे गणपतीनंतर पाठवते, तोवर कर्ज काढू नका, विशेषतः पतपेढीचं. आईने स्वतःसाठी साडी घ्यावी, त्याचे वेगळे टाकलेत, ते हॉलमध्ये घालू नयेत. बाबांनी नातवासाठी कबड्डीची निकर शिवून ठेवावी. त्याचं माप धाकट्याला कळवलंय.

तुमची,
लेक