खाण बंद झाली, तिची देखभाल बंद झालेली नाही

महोदय,

अमेरिकेतील युटा राज्यातल्या पार्क सिटीवरील आपला लेख वाचला. चांदीच्या खाणींचे गाव ‘खाणकाम विसरून’ बर्फावरच्या खेळांचे केंद्र झाले, हे त्यातील विधान मात्र पटत नाही. १९६३ मध्ये तेथील स्की केंद्र उभारले तेच मुळी खाण कंपनीने, केंद्र सरकारचे कर्ज घेऊन. पुढे काही वर्षे पर्यटकांना स्पायरो बोगद्यातून खाणीच्याच रेल्वेने सुमारे तीन मैल आत नेत आणि तेथून खाणीच्या पाळण्याने, म्हणजे कामगारांच्या लिफ्टने, १,७५० फूट वर डोंगरावर सोडत. बोगद्यात ठिबकणाऱ्या पाण्याने भिजलेले कपडे वर पोहोचताच गोठत!

तेच पाणी आजही शहराच्या नळांना येते. खडकातील सल्फाइड (गंधकयुक्त) खनिजांना हवा-पाणी लागले की आर्सेनिक, अँटिमनी ही विषारी द्रव्ये पाण्यात विरघळतात. म्हणून बोगद्याच्या पाण्यावर प्रक्रिया केल्याशिवाय ते पिता येत नाही. ही प्रक्रिया कायमची आहे, कारण डोंगरातला झिरपा थांबत नाही. खनिज धुतल्यावर उरलेल्या शिसेयुक्त गाळावर वस्ती उभी राहिली, तेथे किमान सहा इंच स्वच्छ मातीचा थर राखण्याचा नियम आहे. बागेसाठी त्याखाली खणले, तर शिसे पुन्हा वर येते. खणलेली माती कुठेही टाकूनही चालत नाही.

खाणीच्या जागी पर्यटनाची शिफारस करताना पाणी शुद्धीकरण आणि मातीचे आच्छादन यांचा खर्च लेखात यायला हवा होता.

– एक वाचक