जिन्यातल्या मीटरला हात लावू नकोस

चि. दादा, अनेक आशीर्वाद.

सूनबाईने काल बिलाचा फोटो पाठवला. तिच्यावर रागावू नकोस, मीच मागितला. दोन महिने पगार अडकलाय हे तू मला सांगितलं नाहीस, त्याबद्दल आज काही लिहिणार नाही. पण फोनवर तू सहज बोलून गेलास, "लाइट कापलीच तर शेजारून वायर ओढू." तेव्हापासून माझा डोळ्याला डोळा नाही. हे पत्र बिल समोर ठेवून वाच.

९,२४० च्या आकड्याकडे नंतर बघ, आधी रीडिंग बघ. मागच्या दोन्ही बिलांवर 'लॉक' शेरा आहे. म्हणजे रीडिंग झालंच नाही, सरासरी ७० युनिट लावून मोकळे झाले. या महिन्यात खरं रीडिंग मिळालं आणि तिन्ही महिन्यांचे मिळून ६४२ युनिट निघाले. ते तीन महिन्यांत विभागून लावायचे असतात, महिन्याला २१४. घरगुती दराचे टप्पे आहेत ना: १०० पर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे. २१४ युनिट दुसऱ्या टप्प्यातच संपतात. तेच ६४२ एका महिन्याचे धरले तर त्यातल्या ३४२ युनिटांना वरच्या दोन टप्प्यांचा महाग दर बसतो. शिवाय आधीच्या दोन सरासरी बिलांचे तू भरलेले पैसे वजा झाले पाहिजेत. फोटोत खालचा हिशेब कापला गेलाय, पण रकमेवरून टप्पे विभागलेले दिसत नाहीत. इतकी वर्षं बिलिंगच्या टेबलावर हेच तर पाहिलं.

आता करायचं काय ते. आधी मीटरचा फोटो काढ, मीटर नंबर आणि रीडिंग दोन्ही वाचता आले पाहिजेत. नंबर बिलावरच्या नंबराशी ताडून बघ. जिन्यात आठ मीटर असले की अदलाबदल होते. मग घरातला मेन बंद करून मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतो का बघ. लुकलुकला तर मेनच्या आधीच कुठेतरी वीज जातेय, तेही अर्जात लिही. फक्त बघायचं. झाकण उघडायचं नाही, कटआउट म्हणजे मीटरजवळचा फ्यूज ओढायचा नाही.

अर्ज वीज कंपनीच्या उपविभाग कार्यालयात, दोन प्रतींत. ग्राहक क्रमांक, तिन्ही महिन्यांची रीडिंग, आणि एकच मागणी: एकत्रित युनिट तीन महिन्यांत विभागून बिल दुरुस्त करून द्यावं. आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस. तोंडी बोलण्याची कुठेही नोंद राहत नाही. कनेक्शन घरमालकाच्या नावावर आहे, म्हणून त्यांचं संमतीपत्र जोड.

बिलाचा वाद सुरू असताना सगळे ९,२४० भरावे लागत नाहीत. वीज कायदा २००३ चं कलम ५६ सांगतं की मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातलं जे कमी असेल ते 'अंडर प्रोटेस्ट', म्हणजे हरकत नोंदवून भरलं, तर वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. तुझी सरासरी मी मांडली, १,३०० च्या आत बसते. एवढे तर निघतील? नाही निघाले तर मी पाठवते. आता यावर वाद घालू नकोस. धाकटीची फी दोन वर्षं तू भरलीस, तेव्हा मी घातला होता का?

दुरुस्त होऊनही रक्कम मोठी राहिली तर हप्ते मागायचे. तेही लेखी, आणि मुदतीच्या आत. हप्त्याबरोबर चालू महिन्याचं बिलही भरावं लागतं, म्हणून झेपेल तेवढाच हप्ता सांग. एक चुकला की सवलत जाते. मुदत टळली तर उशिराचा आकार सव्वा टक्का, म्हणजे ९,२४० वर साधारण ११५ रुपये. तेवढ्यासाठी त्या मोबाइलवरच्या कर्जाच्या ॲपच्या नादी लागायचं नाही.

थकबाकीसाठी लाइट कापायची तर आधी पूर्ण १५ दिवसांची नोटीस द्यावी लागते. हल्ली ती मोबाइलवरही येते आणि नोंदवलेला मोबाइल घरमालकाचा आहे, हे विसरू नकोस. त्यांना आजच विचार. "आज रात्री साडेनऊला लाइट जाईल, या नंबरवर फोन करा" असा मेसेज एखाद्या साध्या मोबाइल नंबरवरून आला तर तो चोरांचा. फोन करू नकोस, शंका आली तर वीज कंपनीच्या १९१२ वर विचार.

मी फारच शिकवत बसले. तू दोन लेकरांचा बाप आहेस, मला कळतं. पण चौथीत असताना तू होल्डरमध्ये बोट घातलंस आणि आप्पांनी लाकडी पाटाने तुला दूर ढकललं, ते मला अजून दिसतं. तू नुसता बघत होतास, रडतही नव्हतास.

म्हणून पुन्हा लिहिते. शेजारून येणारी वायर म्हणजे घरातली टेबलफॅनची लवचिक वायर, पाऊण चौरस मिलिमीटरची. २,००० वॅटचा गीझर जवळपास ९ अँपिअर ओढतो. ती वायर पंख्याला पुरते, गीझरला नाही. दाराच्या फटीत दबली की तिथेच तापते आणि वितळते. आणि कापलेल्या कनेक्शनची वायर मेलेली असते असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस, खांबाकडच्या टोकाला करंट असू शकतो. कापलेली लाइट स्वतः जोडली तर कलम १३८ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसऱ्या घराला वीज दिली म्हणून कलम १२६ खाली दुप्पट दराची आकारणी होईल ती त्या शेजाऱ्यावर. बिचाऱ्याने मदत केली म्हणून त्याला भुर्दंड.

छोट्याच्या वाफेच्या मशीनची काळजी असेल तर ते थोडीच वीज खातं, ते बंद करू नका. बंद करायचा तो गीझर. अर्ध्या तासाला एक युनिट जातं. पाणी गॅसवर तापवा.

सूनबाईला सांग, लोणचं एसटीने पाठवलंय.

तुझी,
आई

ता. क. मीटरचा फोटो दुपारी काढ. रात्री फ्लॅश काचेवर चमकतो आणि आकडे दिसत नाहीत, मग माणूस झाकण उघडायला जातो.